डाव्या बाजूचा बैल

हाडात भूत नसतं, चरबी असते, आणि ती काढायला धीर लागतो. जाफराबादच्या शाळेत चित्रकला आणि कोरीवकाम शिकवताना मी पोरांना हे बजावून सांगायचो.

१९९३च्या पावसात ओढा फुटला आणि गावातल्या रामरावनं शेतात मीठ घालून पुरलेला त्याचा बैल उघडा पडला. मी त्याला न विचारता पायाची एक नळी उचलून आणली. टोकं कापली, तारेनं मगज काढला, सोड्याच्या पाण्यात मंद आचेवर तीनदा शिजवली, आठ दिवस सावलीत वाळवली. मग कानशीनं घासून बोटभर बैल कोरला. अगदी कोरडा ठणठणीत.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बायको, उषा, म्हणाली, "दरसाल मातीचा बैल आणतो. औंदा ह्यालाच आवतन देते."

तिनं हळद-लोणी लावून त्याचा इवलासा खांदा मळला. रिवाजाप्रमाणं म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

मला हसू आलं.

सकाळी बैलाच्या खांद्यातून चरबी पाझरत होती. फक्त खांद्यातून. पुसली की पुन्हा.

"तुमचीच घाई नडली," उषा म्हणाली. ती मान चोळत होती. मी पदर बाजूला केला. बैलाच्या मानेवर जू बसतं ना, बराबर तिथं तिला जाड, राठ घट्टा होता. काल नव्हता.

बैल रुमालात गुंडाळून रामरावकडं धावलो. तो शिव्या देईल वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "मास्तर, आवतन दिलं का त्याला?"

"उषानं दिलं."

"डाव्या बाजूनं चालायचा तो. हा मेला, मंग उजवा मी विकून टाकला. जोडीबिगर हाये त्यो तवापासून." त्यानं खोरं उचललं. "जल्दी पुरा. त्यो जेवायच्या आत."

आम्ही दोघांनी पुरला. वर मीठ टाकलं. "चुकलो बाबा, तिला सोड," मी म्हणालो. मला रडू आलं होतं.

घरी आलो.

नैवेद्याचं ताट चाटून पुसून रिकामं होतं.

उषा अंगणात मान खाली घालून उभी होती.

"उषे!"

तिनं वर पाहिलं नाही.

तिच्या डावीकडं एका बैलाएवढी जागा मोकळी होती. तिथून तिचा हात धरावा म्हणून पुढं झालो, आणि माझ्या छातीला गरम, ओलं अंग लागलं.