दार नसलेला किलाकोट

"ओ भिया! ब्रश खाली!"

हे मी एका अनोळखी मुलाला, भर रस्त्यात, ओरडून म्हटलं. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज फुटायचा नाही. पण ऑगस्टमध्ये वादविवाद स्पर्धा जिंकले आणि तेव्हापासून तो आपोआपच निघतो. आई म्हणते, देवश्रीचं बटण बिघडलंय.

तो दचकला. ब्रशमधला लाल रंग टपकन त्याच्याच पांढऱ्या बुटावर पडला. अबलाश्रमाच्या भिंतीवरची फुली अर्धीच राहिली.

"काकांनी सांगितलंय," तो म्हणाला. "पाडायच्या भिंतींवर निशाण लगाना है... म्हणजे, करायचंय. सॉरी, माझी मराठी जरा—"

"लंगडते. कळलं."

"आणि तू जरा—" त्यानं बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, "—जोरात आहेस."

मी लाजणार नव्हते. लाजले.

त्याचं नाव विहंग. धारचा, माझ्यासारखाच बारावीत, ठेकेदार काकांच्या मदतीला आठवडाभर देवासला आलेला. देवीच्या टेकडीच्या पायथ्याचा हा आश्रम रियासतीच्या काळातला. विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या बायका आणि त्यांची लेकरं इथे 'सुरक्षित' ठेवत... फाटकाला बाहेरून कडी घालून! आता देवस्थानाच्या ट्रस्टला तिथे गाड्या लावायला जागा हवी होती. पितृपक्षात कुणी नवं काम काढत नाही, म्हणून पाडायचं मशीन घटस्थापनेला येणार होतं. आज दशमी.

एकच आशा होती. अमावस्येच्या बैठकीत अक्कांना विचारायचं ठरलं होतं. आत राहिलेल्यांपैकी गावात उरलेल्या त्या एकट्याच. त्या म्हणतील तसं होणार. आणि आमच्या शेजारच्या अक्का, मला पेटी शिकवणाऱ्या अक्का, सगळ्या गल्लीला सांगत होत्या, "पाडा एकदाचं!"

"मग तू का वाचवतेस?" विहंगनं विचारलं.

"पाडलं की लोक म्हणतील, असं काही नव्हतंच."

तो हळूच म्हणाला, "आत ये. काल मापं घेताना चुन्याचा पोपडा पडला. खाली काहीतरी आहे... मला समजत नाही."

आतल्या खोलीत, गुडघ्याच्या उंचीवर, गिलाव्यात रेषा कोरल्या होत्या. पाच ठिपके. एक चौपड. आठ पाकळ्यांचं फूल. मी तिथेच गुडघे टेकले.

"अरे, ही तर संजा आहे!"

माळव्यात पितृपक्षाच्या संध्याकाळी आम्ही मुली भिंतीवर शेणानं रोज नवी आकृती काढतो, वर फुलं चिकटवतो, गाणी म्हणतो. मराठी घरांतल्या मुलीसुद्धा. शेवटच्या दिवसांत मोठा किलाकोट, म्हणजे तटबंदीचा किल्ला, आणि मग संजा नावाची ही आमची लेक सासरी जाते. पण आतल्या मुलींना शेण कुठलं, फुलं कुठली? त्यांनी खिळ्यानं कोरली होती.

"सासरी कुठे जाते तुमची संजा?" विहंगनं विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"नाही... धारला जाते का, एवढंच."

मी त्याला ब्रश फेकून मारला. मारताना हसत होते, हे त्यानं पाहिलंच.

पुढचे दोन दिवस शाळा सुटली की मी तिथे. काकांच्या दाढीच्या ब्रशनं तो चुना झाडायचा, मी फुंकर घालायचे. कधी दोघांची फुंकर एकदमच... आणि धूळ दोघांच्याही डोळ्यांत. बाहेर अवेळी सर येऊन जायची. मशीन कधी निघणार, हे त्याला रोज फोनवर कळायचं. तो मला सांगायचा नाही. मी विचारायचे नाही.

द्वादशीला किलाकोट सापडला. केवढा मोठा! बुरूज, कंगोरे, मोर, चंद्र-सूर्य. पण चारही बाजू बंद.

"दारच विसरल्या!" मी म्हणाले. "किलाकोटाला दार सोडतातच. त्याशिवाय संजा सासरी जाणार कशी?"

"राहू दे ना तसंच," विहंग म्हणाला.

पण माझं बटण बिघडलेलं. खिशातला खडू काढला आणि खालच्या रेषेवर छान कमानदार दार काढून टाकलं. मग धावत गेले अक्कांना बोलवायला. हे पाहून त्यांचं मन नक्की वळणार होतं!

अक्का काठी टेकत आल्या. वाकून पाहिलं.

"दार कुणी काढलं?"

"मी, अक्का! तेवढं राहिलं होतं—"

"राहिलं नव्हतं." त्यांचा आवाज चुन्यासारखा कोरडा होता. "नऊ वर्षांची होते मी. दार कोरायला गेले, तर आईनं हात धरला. म्हणाली, नाही ते काढू नये, बाई." त्या वळल्या. "म्हणूनच म्हणते, पाडा. तुम्ही हे असं सजवणार. दारं काढाल, दिवे लावाल, फोटो काढाल. माझ्या आईचं काय राहील त्यात?"

काठीचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला.

मी भिंतीला टेकून रडले. विहंगनं समजूत घातली नाही. खिशातला रुमाल ओला केला आणि खडूची रेघ टिपायला बसला... एवढ्या हलक्या हातानं, जणू भिंत झोपली आहे आणि तिला उठवायचं नाही.

"मी थांबवायला हवं होतं तुला," तो म्हणाला.

"थांबले असते?"

"नाही. तरी."

अमावस्येला अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. बाहेर मशीन आधीच येऊन उभं होतं. ट्रस्टच्या लोकांनी अक्कांना विचारलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच उभी राहिले.

"अक्का, चूक माझी होती. दार पुसलंय. आता तुमच्या आईंनी ठेवलं होतं तसंच आहे. पाडायचं तर पाडा... पण चूक दुरुस्त केल्याशिवाय पाडू नये, म्हणून सांगितलं."

अक्का उठल्या. एकट्याच आत गेल्या. विहंग माझ्याकडे बघत होता, मी त्याच्या बुटावरच्या लाल डागाकडे.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना चुना लागला होता.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "जसं होतं तसं. रंग नको, दिवे नकोत. फक्त ते फाटक काढा. त्याची कडी बाहेरून आहे."

विहंगच्या ठेकेदार काकांनी टोपी सरळ केली. "चला, काहीतरी पाडायचं काम तर मिळालं!"

आणि अक्का हसल्या. एरवी मी पेटीवर चुकीचा सूर लावला तरच त्या तशा हसायच्या.

घटस्थापनेच्या सकाळी विहंगनं स्वतः बिजागऱ्या ठोकून काढल्या. फाटक टेम्पोत चढलं. टेकडीवरून घंटांचा आवाज येत होता. त्याची धारची बस अकराची होती.

"अर्धी फुली राहिली भिंतीवर," मी म्हणाले.

"ती मी पुसणार नाही. जसं होतं तसं ठेवायचं ना?" मग त्यानं हातोडी या हातातून त्या हातात घेतली. "देवश्री... मला... तू मला आवडतेस."

"एकही चूक नाही," मी म्हणाले. "मराठीत."

"रात्रभर पाठ केलं."

"मग माझंही ऐक. मलाही तू..." बटण नेमकं तेव्हाच बंद पडलं. मी नुसती मान हलवली. त्याला पुरलं.

"पुढच्या संजेला येऊ?"

"आधी बारावी पास हो!"

तो रस्त्याला लागला. कोपऱ्यावर वळून, घरच्या सवयीनं ओरडला, "दार लावून घे!"

आणि दोघंही हसत सुटलो. लावायला दार होतं कुठे?