आली नाही

बसा रे पोरांनो. विमान चाळीस मिनिटं लेट आहे, मोबाइलमध्ये डोकी खुपसून ते लवकर येणार नाही. घरी लेकरांच्या मनगटाला काळे दोरे बांधलेत ना? बरं केलंत. या दिवसांत गेलेली माणसं घरी जेवायला येतात, जाताना एखादं लेकरू सोबत नेतील म्हणून दोरा. लहानांनाच हं. आपल्यासारख्या घोड्यांना कोण नेतंय!

विल्बर उइकाब माझ्या शेजारी गाडी लावायचा. काम आपलंच. कान्कूनच्या विमानतळावरून सात-आठ जण उचलायचे आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांत एकेक करून सोडायचे. शर्टाला कडक इस्त्री, इंग्रजी फाडफाड. एकच खोड होती. आपण माया लोकांतले, हे पाहुण्यांना कळलेलं त्याला खपायचं नाही. आईशी फोनवर माया भाषेत बोलायचा, तेसुद्धा काचा वर करून. आई गेली आणि तेही संपलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनमधली संध्याकाळ. यादीत सात नावं, सहा जण गाडीत बसलेले. तेवढ्यात एक म्हातारी आली. आपल्या आया घालतात तसा फुलं भरलेला पांढरा झगा, प्लास्टिकच्या चपला, हातात कागदाची घडी. माया भाषेत म्हणाली, "पोरा, ही गाडी माझ्या मुलाकडे जाते ना?"

मागून माद्रिदच्या एका बाईने विचारलं, "काय म्हणतेय ती? तुला कळतं?"

"छे हो! या गावाकडच्यांचं बोलणं कुणाला कळतंय? काहीतरी विकायला आली असेल." असं म्हणून त्याने हात हलवून म्हातारीला घालवून दिलं. बिचारी आपलंच चुकलं असं समजून बाजूला झाली.

मग त्याने यादी पाहिली. सातवं नाव तोमासा बालाम, आडनाव आपल्या माया लोकांतलं. म्हातारी मोंतेर्रेईहून मुलीकडून आली होती, आणि इथे हॉटेलात माळी असलेल्या मुलाने तिच्यासाठी सीट काढून ठेवली होती. हे सगळं नंतर कळलं, पण नाव वाचल्यावर विल्बरला कळायचं ते कळलंच. म्हातारी दहा पावलांवर होती. हाक मारायची, पण कुठल्या भाषेत? आत्ताच तर चारचौघांत सांगितलं होतं, कळत नाही म्हणून. त्याने पेन काढलं, नावापुढे 'आली नाही' असं लिहिलं आणि गाडी काढली.

म्हातारी हमरस्त्याने चालत निघाली. अंधार पडल्यावर ट्रकने उडवलं.

विल्बरने पेपरात फोटो पाहिला. तोच झगा. कुणापाशी बोलला नाही. दाढी करताना आरशात स्वतःचं तोंड बघायची लाज वाटायची, असं मला पुढे म्हणाला.

त्याच वर्षी, नोव्हेंबरची पहिली तारीख. गेलेली मोठी माणसं जेवायला येतात, ती रात्र. शेवटचं विमान उतरलं अकराला दहा कमी असताना. यादीत सहा, गाडीत सहा. बारा वाजून वीस मिनिटांनी शेवटचं जोडपं उतरलं. गाडी रिकामी झाली आणि तो परत फिरला.

समोर पट्ट्याचा दिवा लुकलुकायला लागला. मागच्या सीटचा. कुणी पट्टा न लावता बसलं की लागतो, तो.

त्याने आरशात पाहिलं नाही.

"पोरा... ही गाडी माझ्या मुलाकडे जाते ना?"

आवाजात राग नव्हता. जूनमध्ये विचारलं होतं, तसंच.

त्याने एसी बंद केला. तरी मान गार.

"पोरा..."

"मला... मला कळत नाही, बाई." स्पॅनिशमध्ये म्हणाला. सवयीने! मेल्याने भुतालाही तेच सांगितलं.



दिवा लुकलुकतोय...

मग पुन्हा. सावकाश. बहिऱ्याला सांगावं तसं. "पोरा... ही गाडी..."

विल्बरला रडूच फुटलं. "हो आजी," तो म्हणाला. माया भाषेत. आई गेल्यापासून पहिल्यांदा. "तिकडेच जाते. मला कळत होतं आजी. तेव्हाही कळत होतं."

खट्ट.

दिवा विझला.

यादीतलं ते हॉटेल तो विसरला नव्हता. नोकरांच्या फाटकाशी गाडी उभी केली, उतरला, सरकतं दार उघडलं. आत कुणी नाही. मागच्या सीटचा पट्टा लावलेला. तरी त्याने हात पुढे केला, म्हाताऱ्या माणसाला उतरवताना करतो तसा. तसाच उभा राहिला... किती वेळ, ते त्याला सांगता येत नाही. मी विचारलं होतं.

मग दार लावायला हात वर केला, तर फाटकाच्या दिव्यात दिसलं.

उजव्या मनगटावर काळा दोरा. शेचाळीस वर्षांच्या बाप्याच्या. ना बायको, ना आई, घरी बांधायला कुणी नाही. दोन गाठी, घट्ट. स्वतःच्या मनगटावर एका हाताने तशा बांधून दाखवा मला.

त्याने तो अजून तोडलेला नाही.