उसनी श्रीमंती

निवृत्त नटी आली तेव्हा दुपार इतकी सुस्त होती की खिडकीचे पडदेही पेंगत होते. गुप्तहेर बाईंचे डोळे अर्धे मिटलेले. शेजारी त्यांचे दीर. हुशारी बेताची, उत्साह दांडगा.

धनाढ्यांचा पैसा सांभाळणाऱ्या खासगी बँकांच्या पुरस्कारांचे परीक्षक नुसत्या अर्जांवर भुलू नयेत, म्हणून संयोजक एक बनावट धनाढ्य गिऱ्हाईक पाठवत. यंदा ती ही नटी. सोंग असं, की नवरा नुकताच गेलाय आणि मालमत्तेवरून घरात वाद आहे. नवरा खरंच गेला होता, श्रीमंती तेवढी उसनी. एका बँकेला तिने पैकीच्या पैकी गुण दिले आणि बोभाटा झाला की तिथे सोंग आधीच फुटलं होतं. आळ तिच्यावर आला.

"आता मला कुणी काम देणार नाही," ती म्हणाली.

बँकेतलं सारं तिला स्वप्नासारखं आठवत होतं. मऊ गालिचा, काचेच्या पेटीत संथ फिरणारे मासे. अधिकारी बाईने हात हातात घेतला होता.

"म्हणाली, थोरल्या नणंदेचं बोलणं मनाला लावून घेऊ नका."

"नणंदेचं तुम्ही सांगितलंत?"

"छे. वाद आहे एवढंच बोलले. माझ्या मनात तर जाऊ होती."

बाईंनी संयोजकांना फोन केला. त्यांनी नटीला आणि तिन्ही परीक्षकांना गोष्ट इंग्रजीत सांगितली होती: भांडण 'सिस्टर-इन-लॉ'शी.

मग बाई परीक्षकांकडे गेल्या आणि प्रत्येकाला ती गोष्ट आपल्या शब्दांत सांगायला लावली. माजी बँकर भावजयीवर घसरले. प्राध्यापिकेने जावांचं भांडण रंगवलं. अर्थविषयक मासिकाचे संपादक थोरल्या नणंदेवर तोंडसुख घेत राहिले.

"तिघंही घोळ घालतायत," दीर वैतागले.

"घोळ इंग्रजीचा आहे, भाऊजी. तिथे नणंद, जाऊ, भावजय सगळ्या एकच. ज्याने त्याने आपापली बाई उभी केली."

निकाल ठरवायच्या बैठकीत बाईंनी हेच सर्वांसमोर मांडलं. नटीने सोंग फोडलं असतं तर बँकेत जाऊ पोचली असती. तिथे पोचली ती नणंद, तीही थोरली. ते थोरलेपण संयोजकांनी सांगितलंच नव्हतं. ते एकाच माणसाच्या तोंडी होतं.

संपादकांनी मान खाली घातली. "जावई आहे त्या बँकेत. बढती अडली होती त्याची."

नटीची माफी मागण्यात आली, पुढच्या वर्षीचं कामही पक्कं झालं. त्या बँकेचे गुण तेवढे तिने आता रद्द करायचे होते. ती पेन धरून नुसतीच बसली.

"ते गेल्यापासून कुणी असा हात धरला नव्हता माझा," ती म्हणाली. "तेवढं तरी तिने मनापासून केलं असेल ना?"

गुप्तहेर बाईंनी डोळे पूर्ण उघडले.