मेबलचा कागदी मुकुट

चर्चच्या भिंतीवरचे तीन कागदी मुकुट काल संध्याकाळपर्यंत जागच्या जागी होते. आज सकाळी दोनच उरले. गेला तो नेमका मेबलचा.

एडिथ पार्जिटरने तो पस्तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी केला होता, धाकट्या बहिणीसाठी. नेदरकॉम्बमध्ये मुलगी लग्नाआधी गेली, की असा मुकुट तिच्या शवपेटीपुढे नेत आणि मग चर्चमध्ये टांगत. आपसूक गळाला तर तिच्याच कबरीत पुरायचा. तोवर हात लावणं म्हणजे महापाप.

"म्हणून सांगते, हे गावच्या माणसाचं काम नाही," ती म्हणाली. "पाद्री नवा, मास्तरीण नवी."

डिटेक्टिव्ह एज्रा मंडीने मान हलवली. त्याचा मेहुणा पर्सी डोक्याने जरा सावकाश. त्याने दोघांनाही चोर ठरवून टाकलं.

"मी कशाला चोरू?" पाद्री फणकारला. "शनिवारी तिन्ही जाळणारच होतो. भिंतींना चुना द्यायचाय. चोर सापडू दे, आवारात पाऊल ठेवू देणार नाही त्याला."

"मला तिन्ही हवे होते, शाळेत मांडायला," मास्तरीण म्हणाली. "एकटा घेऊन काय करू?"

बाहेर कबरींच्या आवारात कबरी खणणारा जेबेझ विळ्याला धार लावत होता. "महिनाभर पाऊस नाही साहेब. कापण्याइतकं गवत वाढलंच नाही."

तेवढ्यात मेबलच्या कबरीपाशी बसलेला पर्सी ओली विजार झटकत उठला.

मंडी हसला. "पाद्रीबाबांना चोरायची गरज नव्हती. मास्तरीणबाईंनी तिन्ही नेले असते. उरला गावचाच माणूस, ज्याला जाळण्यापेक्षा पाप परवडलं. पाऊस नाही, मग इथलीच माती ओली कशी? कबरी खणणाऱ्याच्या सराईत हाताने मातीसकट गवत उचलून मुकुट पुरला, गवत परत लावलं, जगावं म्हणून पाणी घातलं. बाकीचे दोन मात्र जळू दिले असते. त्याला काळजी मुकुटांची नव्हती, मेबलची होती. होय ना, जेबेझ?"

जेबेझने टोपी काढली. "आमचं लग्न ठरलं होतं, बाई. सांगायच्या आधीच ती गेली."

दर रविवारी तो पार्जिटरांच्या कबरी साफ करी, आणि एडिथ चांगला झगा घालून तिथे फुलं ठेवायला येई. तो आपल्यासाठीच येतो, अशी तिची इतकी वर्षं समजूत होती. तिला फार एकटं वाटलं.

फाटकातून पाद्री आला. "सापडला का चोर?"

"मीच काढला," एडिथ म्हणाली. "माझ्या हातचा होता."

पर्सीने तोंड उघडलं. मंडीने त्याच्या पायावर पाय दिला.

"मग माझा शब्द तुम्हालाही लागू आहे, बाई."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "रविवारपासून मी येणार नाही."