किलियनचा दम

त्या दुपारी मी ओबोच्या, म्हणजे आमच्याकडच्या सनईच्या, तोंडाशी लावायच्या बोरूच्या पत्त्या घेऊन किलियनकडे गेलो. मी स्वतः बासून, म्हणजे खर्जातलं लांबलचक फुंकवाद्य, वाजवतो, पण पत्त्या चांगल्या तासतो.

"कोल्बकाका, आज चुकलो तर सरकार हाकलतील," तो म्हणाला. "पोटुशी बायको घेऊन जाऊ कुठं?"

"शुभ बोल रे, बाबा!"

ऱ्हाइनकाठच्या आमच्या दरबारात त्याचा काका बुर्कहार्ट ओबो वाजवायचा. ईस्टरला तो वारला, आणि त्याच्या जागी किलियनला तात्पुरतं घेतलं होतं. त्या दिवशीची रचना आम्हा चौघांसाठीच बांधलेली होती. बासरी, ओबो, हॉर्न आणि माझा बासून पुढे, सगळा वाद्यवृंद मागे. शेवटी वाद्यवृंद थांबतो आणि आम्ही चौघेच वाजवतो. एकटा असला तर मनाला येईल ते फुंकेल, पण चौघांचं आधी बसवावं लागतं, नाहीतर नुसता भाजीबाजार. बुर्कहार्ट तिथला थरथरता स्वर इतका लांबवायचा, की ऐकणाऱ्यांचाच जीव घुसमटावा.

"म्हाताऱ्याच्या छातीत भाता होता, तुझ्या छातीत फुंकणी आहे," हॉर्नवाला तादेउस किलियनला चिडवायचा. म्हणून तेवढा तुकडा आम्ही तालमीतच छाटला होता. किलियनला तो शिकवलाही नव्हता.

महालातला कार्यक्रम छान रंगला. ठरल्या जागी आम्ही तिघे थांबलो. ओबो थांबला नाही.

तो छाटलेल्या तुकड्यात शिरला. बोटं सवयीची, आम्हीही मागोमाग गेलो. मग तो लांब स्वर लागला... आणि संपेचना. सरकार खुर्चीत पुढे सरकले. किलियनचे ओठ जांभळे पडले होते आणि डोळे माझ्याकडे लागले होते. गाल मात्र जराही फुगलेले नव्हते.

पोरगं मरतंय, दरबाराची रीत गेली खड्ड्यात! मी त्याच्या तोंडातून ओबो ओढून काढला.

स्वर चालूच राहिला.

"काका..." तो उघड्या तोंडानं कुजबुजला, "मी... नाही वाजवत..."

ओबो माझ्या मुठीत थरथरत होता. तो स्वर सावकाश, नीट संपला. वाद्यवृंदानं उचल घेतली. मी ओबो परत किलियनच्या हातात कोंबला, दुसरं करणार काय?

सरकारांना वाटलं, आमची काहीतरी गंमत चालली आहे. ते उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. "काकाची जागा याला द्या," ते म्हणाले. "तहहयात." किलियनची बायको ओक्साबोक्शी रडली. मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता त्याचं बाळ रांगतंय. किलियन काकापेक्षाही सरस वाजवतो. त्या दिवसाबद्दल तो बोलत नाही, मीही विचारत नाही. हिवाळ्यात आम्ही चर्चमध्ये वाजवतो, तिथं शेगडी नसते. सुरांमध्ये उसंत मिळाली, की आम्हा सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघते.

माझ्या शेजारी बसलेल्या किलियनच्या निघत नाही.