बघायला आलेल्या सहाजणी

दामिनीने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या काखेत आग विझवायचा लाल सिलिंडर होता, आणि तो तिची चूल विझवायला निघाला होता.

"कोणी पेटवलीय ही?"

"मी." दामिनीने हातातली फुंकणी खाली ठेवली नाही. "आन् मीच विझवीन. अजून चार भाकऱ्या व्हायच्यात."

"मॅडम, मैदानात उघडी आग चालत नाही. नियम आहे."

मॅडम! मागे कांदे चिरणारी भिमीकाकी तोंडाला पदर लावून हसली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वाडीतल्या पोरीला कुणी मॅडम म्हटलं होतं, आणि तेही आग विझवायला आलेल्या माणसाने.

दोन हजार तीन सालच्या जानेवारीतली गोष्ट. दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या मैदानावर पाच दिवसांचा महोत्सव भरला होता. एका बाजूला गावोगावचं खाणं, दुसऱ्या बाजूला नाच-गाणं आणि चित्रं. त्यात मुरबाड तालुक्यातल्या, धसईजवळच्या एका ठाकूरवाडीच्या बचत गटाला स्टॉल मिळाला होता. सहा बायका, नाचणीच्या पिठाचं पोतं, खुरासणीची चटणी, कुळथाचं पिठलं आणि पळसाच्या पत्रावळींचे गठ्ठे, एवढा सगळा संसार टेम्पोत घालून त्या आल्या होत्या. भिमीकाकी गटाची अध्यक्ष, कारण तिचा आवाज सगळ्यात मोठा. दामिनी सचिव, कारण ती बारावी पास. शिवाय तिच्या नजरेतून काही सुटत नसे. कोण पिठल्याला नाक मुरडून दोनदा वाढून घेतं, कोण बायकोसमोर डाएट करतं आणि बायको पुढच्या स्टॉलला गेली की भाकरी मागतं, हे तिने पहिल्या तासातच हेरलं होतं.

या माणसालाही तिने हेरलं. पंचविशीचा, उंच, गणवेशाच्या खिशावर कंत्राटदाराचं नाव शिवलेलं. भाषा अगदी इस्त्री केलेली. पण चुलीवरच्या भाकरीचा वास आला तसं याचं नाक हललं होतं.

"आधी खा," ती म्हणाली, "मग विझव. उपाशीपोटी कुणाची चूल विझवू नये."

तो घुटमळला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, सिलिंडर खाली ठेवला. दामिनीने पत्रावळ पुढे केली आणि बघत राहिली. शहरातली माणसं पत्रावळ घेतात आणि सरळ जेवायला लागतात. मग पानं जोडायला टोचलेली बांबूची बारीक चोय घासात येते आणि ओरडतात. याने मात्र पत्रावळ हातात घेतली, अंगठा पानांवरून फिरवला, एक सैल झालेली चोय उपसली आणि न बघता पुन्हा पानात नीट टोचली. मगच भाकरी मोडली.

"कुठला रे तू?" दामिनीने विचारलं.

"ठाण्याचा."

"ठाण्यात पत्रावळी कोण लावतं? तलावपाळीवर का?"

त्याचा घास हातातच राहिला. कान लाल झाले… आणि मग इस्त्रीची घडी मोडली. "किन्हवलीकडचा," तो हळूच म्हणाला. "आमच्या वाडीवर आयबरोबर लय लावल्यात. वळखलंस व्हय गो?"

त्या 'गो'ने मात्र दामिनीचेच कान तापले. तिने घाईघाईने चुलीत पाणी ओतलं, तर धूर त्याच्या तोंडावर गेला आणि अर्धी भाकरी राखेत.

चार वाजेपर्यंत तो कुठूनसा गॅसची शेगडी आणि जाड लोखंडी तवा घेऊन आला. नाव हरेश, एवढं सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर तो पुन्हा आला. या वेळी काखेत सिलिंडर नव्हता.

"मुंबईला आलीस आन् नुस्त्या भाकऱ्या थापून जाणार? माझी सुट्टी दोन ते चार. चल, मुंबई दाखवतो."

"भिमीकाकी?"

"तिलापण घेऊ."

"मला कशाला?" भिमीकाकी म्हणाली. "माझे पाय दुखतात." तिचे पाय आयुष्यात कधी दुखले नव्हते. वाडीवरून धसईचा बाजार ती डोक्यावर ओझं घेऊन चालत करायची.

मग दोन दुपारी मुंबई झाली. इराणी हॉटेलात संगमरवरी टेबलावर बन-मस्का आला. दामिनीने लोण्याची जाडी बघून मालकाला मनातल्या मनात शाबासकी दिली, आणि बन चहात बुडवावा की नाही यावरून दोघांचं भांडण झालं. खाऊगल्लीत डोसेवाल्याचा हात तव्यावर फिरताना ती इतका वेळ बघत राहिली, की डोसेवाल्याने विचारलं, "शिकना है क्या?" "नाय," ती म्हणाली, "पाणी जास्त मारतोस, तेवढं सांगायचं होतं." महोत्सवाच्या उघड्या रंगमंचावर सतारवादन होतं. लोक मध्येच "वाह" म्हणायचे. हरेशने तिला कानात सांगितलं, "आपणपण म्हणू या. कधी म्हणायचं ते मात्र समोरच्या टकलूवर लक्ष ठेवून." टकलूने मान हलवली की दोघं वाह म्हणत. एकदा टकलूने डुलकीत मान टाकली आणि दोघांची वाह भर शांततेत घुमली. हसू आवरेना, तेव्हा दामिनीने तोंड लपवायला त्याच्या खांद्याचा आधार घेतला. मग तिच्या लक्षात आलं, की आपण खांद्याचा आधार घेतलाय. त्याच्या ते आधीच लक्षात आलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो तिला चित्रांच्या प्रदर्शनात घेऊन गेला. गार हवा, पांढऱ्या भिंती, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. एका भिंतभर चित्रात डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली आदिवासी बाई होती. सुंदर होती. लांब मान, मोठे डोळे.

दामिनी पुढे झाली, मागे झाली. "ही मोळी दोन पावलांत सुटंल."

"का?"

"दोरच नाय बांधला. आन् डोक्यावर चुंबळ नाय. चित्र काढणाऱ्याने बाई लय बघितली, वझं नाय बघितलं."

शेजारी उभी असलेली चष्म्यातली बाई चमकून वळली, चित्राकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं. हरेश हसला नाही. तो दामिनीकडे बघत होता… म्हणजे चित्राकडे बघायचं सोडून.

"काय बघतोस?"

"काय नाय."

"असं बघितलेलं मला आवडत नाय." ती एकदम बोलून गेली. मग तिथल्या बाकावर बसून तिने ते सांगितलं, जे भिमीकाकीलाही कधी सांगितलं नव्हतं. "दोन वेळा बघायला आलेत मला. खाली मान घालून बसायचं. नाव सांग, केस दाखव, उठून चालून दाखव. पह्यल्यांदा आलेल्यांनी तर भाकरी थापायला लावली आन् खाऊन गेले. दोघांनी सांगितलं, कळवतो. मी महिनाभर वाट बघितली रे. मला ते पोरगे आवडलेपण नव्हते, तरी वाट बघितली. त्याची लाज वाटते… आता इथून गेल्यावर रविवारी तिसरे येणारेत. हिरीचा पोर म्हणतात कुणी, मुंबईत कामाला हाय. बाने नाव सांगायला तोंड उघडलं तशी मी उठून पाण्याला गेले. मला नाय ऐकायचं. ह्या खेपेला मी बसणार नाय. बा बोलणं टाकेल तरी चालंल."

हरेश बाकावरून उठला. परत जाताना रस्ता ओलांडायला एरवी तिच्या कोपराला धरायचा, त्या दिवशी धरलं नाही.

चौथ्या दिवशी तो आलाच नाही. दामिनीने सात भाकऱ्या करपवल्या. "तवा नवीन हाय," भिमीकाकी गिऱ्हाइकांना सांगत होती, आणि तिच्याकडे तिरप्या डोळ्याने बघत होती.

पाचव्या दिवशी, उन्हं कलायला लागली आणि कनाती सोडायला सुरुवात झाली, तेव्हा तो स्टॉलसमोर येऊन उभा राहिला. चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा.

"दामिनी, मीच तो."

"कोण?"

"हिरीचा पोर."

भिमीकाकीच्या हातातलं पातेलं खाली पडलं आणि गोल फिरत राहिलं.

"स्टॉलच्या यादीत तुमच्या वाडीचं नाव बघितलं," हरेश म्हणाला. "सचिव म्हणून तुझं नाव. आयने फोनवर सांगितलेलंच. म्हटलं, चूल विझवायची तर हायेच, मुलगीपण बघून येऊ. पह्यल्या दिवशी बघायला आलो, हे खरं. लबाडी केली. पण त्याच्यानंतर—"

"त्याच्यानंतर काय? बघायचा कार्यक्रम तासाभराचा असतो. तू पाच दिवस लावलेस!"

"चार. एक दिवस सुट्टी घेतली… तोंड दाखवायची हिंमत नव्हती." तो अडखळला. "आन् दुसऱ्या दिवसापासून मी तुला बघत नव्हतो गो. तू मला बघतेस का, तेवढंच बघत होतो."

गोड बोलला होता. फारच गोड. म्हणून दामिनीला जास्त राग आला. सगळ्या मैदानाला हेरणारी ती, आणि नाकासमोरचा हा एक सुटला! बन-मस्का, सतार, तो खांदा… सगळं त्याने 'बघण्या'तच धरलं असेल का? तिने पिठाचं रिकामं पोतं झटकलं. ते मुद्दाम त्याच्या दिशेने झटकलं असेलही.

"रविवारी यायचं नाय," ती म्हणाली.

त्याची मान खाली गेली. "बरं."

"आमी येणार. तुला बघायला."

आता गोंधळ खरा वाडीवर झाला. दामिनीच्या बाने कपाळाला हात लावला. पोरीकडची माणसं पोराचं घर बघायला जातात, ते ठीक, पण पोरगी स्वतः? लोक काय म्हणतील? भिमीकाकीने आवाज चढवला. "लोक काय म्हणायचं ते आमाला म्हणतील. आमी सहाजणी मुंबई बघून आलो, किन्हवलीला काय घाबरायचं?"

रविवारी सहाजणी सकाळच्या एसटीने निघाल्या. मुरबाडला गाडी बदलली, सरळगाववरून किन्हवली गाठली, आणि पुढे वाडीपर्यंत पायी. हिरीने अंगण सारवून ठेवलं होतं. अंगणाबाहेर अर्धी वाडी जमली होती, कारण असा तमाशा फुकटात रोज मिळत नाही.

हरेश घोंगडीवर येऊन बसला. नवा शर्ट, केसांना तेल, मान खाली.

"नाव काय रे पोरा?" भिमीकाकीने सुरू केलं.

"हरेश कमळू पारधी."

"मोठ्याने. कानाने बरा हायेस ना?"

"हाय."

"उठ. चालून दाखव."

तो उठला. अंगणातून आंब्याच्या झाडापर्यंत गेला आणि परत आला. वाडीतली पोरं शिट्ट्या मारत होती, म्हाताऱ्या डोळे पुसून हसत होत्या, आणि हा सगळ्या अंगणाच्या नजरा पाठीवर झेलत एकेक पाऊल टाकत होता. परत येऊन बसल्यावर त्याने बाहीने कपाळाचा घाम पुसला. "मला ठावं नव्हतं," तो हलक्या आवाजात म्हणाला, फक्त दामिनीला ऐकू जाईल एवढंच, "की असं वाटतं."

दामिनीचा राग तिथेच कुठेतरी गळून पडला. पण तिने तो चेहऱ्यावर तसाच ठेवला. मोठ्या मेहनतीने आणला होता.

"आता माझा सवाल," ती म्हणाली. हसणं थांबलं. "लगीन झालं तर मी गटाचं काम सोडणार नाय. पुढच्या महोत्सवालाबी जाईन, त्याच्या पुढच्यालाबी. तुला पटंल?"

हरेशने मान वर केली. "मुंबईत बघायचं लय राह्यलंय. सहा वर्षं तिथं हाय, पण कधी आत जाऊन बघितलं नव्हतं. नुस्ता दारात उभा असायचो, आग लागंल म्हणून. तुझ्यासंगं पह्यल्यांदा आत गेलो. आता एकट्याला दारात उभं राहवत नाय."

हिरी पुढे आली. "माझ्या पोराला नाय म्हणू नका गो," ती भिमीकाकीला म्हणाली, "तीन दिवस जेवला नाय."

चहा झाला, पोहे झाले. सहाजणी उठल्या. दामिनीने पदर सारखा केला आणि रिवाजाप्रमाणे, अगदी मुलाकडच्यांच्या तोऱ्यात म्हणाली, "बरं, घरी जाऊन इचार करतो. कळवतो."

हरेशचा चेहरा पडला. "कधी?"

"आठ दिवस तरी लागतात. रीतच हाय."

"आठ दिवस…"

ती वळली आणि अंगणातून पायवाटेला लागली. बायका मागे. हरेश सारवलेल्या कडेशी उभा. त्याने हाक मारली नाही. मारायचा हक्क नव्हता, हे त्याला त्या सकाळी नीट कळलं होतं. दामिनी चालत होती. एक पाऊल, दुसरं, तिसरं… पाचव्याला भिमीकाकी पाठीमागून पुटपुटली, "पोरी, फार ताणू नकोस." सहा. सात.

आठव्या पावलाला ती थांबली आणि मागे वळली.

"झाले आठ," ती ओरडून म्हणाली, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं. "हो म्हणून कळवलंय! ऐकू आलं ना रे?"