फोर्माल माणूस आणि उलटा झाडू

एलियेसरला लाज म्हणून कशी ती नाहीच. दर गुरुवारी पाचच्या ठोक्याला यायचं, माझ्या ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीत बसायचं, माझी तीन कप कॉफी ढोसायची, आणि माझ्या नातीकडे, नुबियाकडे, असं बघायचं की तिची सुई कापडाऐवजी बोटात शिरावी! काही विचारलं की अदबीनं 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणत एकच उत्तर : "मी फोर्माल आहे, दोन्या ब्रिहिदा."

फोर्माल म्हणे! शब्दाचा पक्का, सरळ लग्नापर्यंत येणारा. मी शाळा दोनच वर्षं पाहिली, पण पुएर्तो कोलंबियाच्या धक्क्याशेजारी जन्म काढलाय. थोडं शेपूट बदलून हाच शब्द इटलीचा खलाशी बोलतो, पोर्तुगालचा बोलतो, जर्मनसुद्धा. माझ्या ओतिलियाताईलाही एका इटालियनानं तोच ऐकवला होता. जहाज गेलं... ताई आजही पाच वाजता केस विंचरते.

म्हणून मी झाडू उलटा करून दाराआड ठेवला. आमच्याकडे म्हणतात, कसलाही चिकट पाहुणा त्यानं उठतो. एलियेसर पाणी प्यायला आत गेला आणि थबकला.

"झाडू डोक्यावर उभाय, दोन्या ब्रिहिदा. माझ्यासाठी?"

"मग काय मांजरासाठी?"

टोपी उचलून गेला. नुबियाचे डोळे भरले. "झालं समाधान, आजी?"

"बघ तू. पुढच्या गुरुवारी दुसऱ्या ओसरीवर दिसेल."

पुढच्या गुरुवारी पाचला तो समोरच्या बदामाखाली उभा! टोपी हातात. सहाला गेला. मला वेगळाच वास आला — त्या बदामामागेच शिंपीणबाईची देखणी पोर राहते. पुढचा गुरुवारही मी तासभर पडद्याआड काढला. मेल्यानं तिकडे मान वळवली नाही.

तिसऱ्या गुरुवारी पाऊस कोसळला. तो तिथेच. नुबिया दारात धावली.

"वेडा आहेस का? भिजतोयस!"

"झाडू सुलटा झाला?"

"नाही..."

"मग तू आत जा, सर्दी होईल. मी सहापर्यंत आहे."

"आणि सहानंतर?"

"पुढचा गुरुवार — आहेच की!"

ती हसली. पावसात, रडता रडता. ओतिलियाताईचा तो असल्या सरीत पहिला पळाला असता.

मी झाडू सुलटा केला आणि उंबऱ्यावर जाऊन ओरडले, "ए भिजक्या! फोर्माल आहे म्हणून सांगणारे या बंदरात ढीगभर पाहिले. सांगून उभा राहिलेला तू पहिलाच. आहेस तू फोर्माल! ये आत, पाय पूस... आणि कॉफी एकच कप मिळेल!"